शाळा सुटायच्या वेळेला

ग्रंथालय दाखवायला ज्या बाई आमच्याबरोबर आल्या, त्यांच्या हातात किल्ल्यांचा मोठा जुडगा होता. काचेची कपाटं भिंतभर उभी होती. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, प्रत्येकाच्या कण्यावर पांढरी चौकोनी चिठ्ठी आणि तिच्यावर सुबक अक्षरातला क्रमांक. मी एक पुस्तक बघू का, असं विचारलं. बाईंनी आनंदाने किल्ली शोधायला घेतली. पहिली लागेना, दुसरी लागेना. शेवटी कपाट उघडलं तेव्हा आतून कोंडलेल्या हवेचा आणि डिंकाचा वास आला. पुस्तक उघडताना त्याचा कणा कुरकुरला. मागच्या पुठ्ठ्यावर परतीच्या तारखांचा तक्ता चिकटवला होता आणि त्यावर एकही शिक्का नव्हता. पुस्तक नवं असेल म्हणून मी पुढचं पान उलटून पाहिलं. माझी लेक जन्मायच्याही आधी छापलेलं होतं ते. "आमच्याकडे पुस्तकं फार जपून ठेवतात," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरा अभिमान होता, आणि मला त्यांचा जराही राग आला नाही. त्यांना जे सांभाळायला दिलं होतं, ते त्यांनी सांभाळलं होतं.

ही त्या भागातली पहिल्या क्रमांकाची शाळा.

परतीच्या वाटेवर नवरा खुशीत होता. प्रयोगशाळा त्याला आवडली होती, निकालाचे आकडे आवडले होते, आणि शाळेपासून जवळच बघितलेल्या घराच्या गॅलरीत संध्याकाळचं ऊन येतं हेही आवडलं होतं. मी गप्प का, म्हणून त्याने दोनदा विचारलं. मला सांगता येईना. एका कोऱ्या तक्त्यावरून अख्खी शाळा नापास करायची, आणि तिच्या जोडीला अख्खं गाव? तिथले रस्ते रुंद होते, झाडं होती, हवा मोकळी होती. शहरातल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये लेक अभ्यासाला बसली की बाकीच्यांनी हळू बोलायचं, असं चाललेलं. तिथून निघायचं हे नक्की होतं. कुठे जायचं, एवढाच प्रश्न होता, आणि त्या 'एवढाच'मध्ये आमचे महिने चालले होते.

उपनगरात घर बघायला लागलं की पहिल्या पाच मिनिटांत शाळेचं नाव निघतं. घर दाखवणारा माणूस खोल्यांची मापं सांगायच्या आधी शाळेचा क्रमांक सांगतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण घराच्या किमतीत शाळा मिसळलेली असतेच. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी बॉस्टनच्या आसपासच्या उपनगरांत हे फार नेमकेपणाने मोजलं होतं. तिथे कोणत्या घरातल्या मुलाने कोणत्या शाळेत जायचं, याच्या हद्दी आखलेल्या असतात. बाईंनी त्या हद्दीच्या अगदी अलीकडची आणि पलीकडची घरं घेतली. वस्ती तीच, पालिका तीच, फरक फक्त शाळेचा. १९९९ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील तर आईबाप घरासाठी साधारण दोन-अडीच टक्के जास्त मोजायला तयार असतात. हे वाचल्यावर मला त्या गावातली ती रेष दिसायला लागली. रस्त्याच्या एका बाजूचे आईबाप आणि दुसऱ्या बाजूचे आईबाप, दोघांच्याही पोरांना रात्री तोच ताप येतो, आणि मधून एक हद्द जाते.

पण क्रमांक नक्की कशाचा असतो? हा प्रश्न मला कपाटाच्या त्या वासापासूनच सतावत होता. १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या गटाने अमेरिकेत सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची पाहणी केली. सरकारला वाटत होतं, की इमारती, पुस्तकं, प्रयोगशाळा यांतला फरक हाच मुलांच्या गुणांतल्या फरकाचं कारण निघेल. निघालं वेगळंच. घर कसं आहे आणि बरोबर शिकणारी मुलं कुठल्या घरांतून आली आहेत, याचा वाटा शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कितीतरी मोठा होता. म्हणजे पहिल्या क्रमांकाची शाळा पाहताना आपण बऱ्याच अंशी तिथे राहणाऱ्या लोकांची शिक्षणं आणि मिळकती बघत असतो. मूल शाळेत पाऊल टाकतं तेव्हाच त्याच्या पाठीशी शिकलेले आईबाप, घरातली शांत खोली, संध्याकाळची शिकवणी हे सगळं उभं असतं, आणि वर्षाच्या शेवटी ते शाळेच्या नावावर जमा होतं. हे लक्षात आल्यापासून मी निकालाचे फलक वाचते, पण त्यावरून शाळा ठरवत नाही.

यात एक टोचणीही आहे. चांगलं गाव, चांगली शाळा म्हणत आपण सगळे एकाच दिशेला निघतो, आणि ज्यांना निघता येत नाही ते मागे राहतात. त्यांच्या शाळेतून आपलं मूलही जातं आणि आपणही जातो, म्हणजे पालकसभेत प्रश्न विचारणारं एक माणूस कमी होतं. मी माझ्या लेकीचं भलं बघणार, त्याबद्दल मला संकोच नाही. पण त्या भल्याची किंमत कुणीतरी दुसरं मूल देत असेल, हे मनातून काढून टाकता येत नाही. काढूही नये.

मी स्वतः शिकले ती शाळा कुठल्याच यादीत नव्हती. गावाच्या कडेला, पत्र्याच्या छपराची. पाऊस जोरात आला की बाई शिकवणं थांबवायच्या, कारण काही ऐकूच यायचं नाही. मग आम्ही आवाज ओसरेपर्यंत पाढे लिहीत बसायचो. पाचवीत, वर्षाच्या मध्यात, वडिलांच्या बदलीमुळे आम्ही तिथे आलो होतो. जुन्या शाळेत अपूर्णांक झाले नव्हते, इथे ते होऊन गेले होते. त्याहून वाईट म्हणजे मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसायचं ते माहीत नव्हतं. मी पाण्याच्या नळाजवळ उभी राहायचे, कारण तिथे रांग असायची आणि रांगेत उभं असलेलं मूल एकटं दिसत नाही. हे आमच्या वर्गशिक्षिकेने ओळखलं. तिने मला काही विचारलं नाही, धीरबिर दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत फळा पुसायचं आणि खडू आणायचं काम तिने मला आणि आणखी एका मुलीला मिळून दिलं. ती मुलगी पुढे शाळा संपेपर्यंत माझ्या शेजारी बसली. अपूर्णांक मला कुणी शिकवले ते आता आठवत नाही. खडूंची ती लाकडी पेटी मात्र आठवते, आणि तिच्या कोपऱ्यात साठलेला रंगीत भुगा.

लेकीचं वय म्हणूनच मला या सगळ्यात फार महत्त्वाचं वाटतं. गाव कितीही चांगलं असो, मूल तिथे कोणत्या वयात जातं यावर पुष्कळ अवलंबून असतं. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांतल्या सुमारे ४,६०० कुटुंबांना सोडत काढून चांगल्या वस्तीत जाण्यासाठी मदत देऊ केली गेली. पुढे कित्येक वर्षं मोठ्या माणसांच्या कमाईत काहीच फरक दिसला नाही, आणि लोकांनी प्रयोग फसला असं धरलं. मग राज चेट्टी, नॅथनियल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी तेव्हाची मुलं मोठी झाल्यावर त्यांची कमाई तपासली. तेराव्या वर्षाच्या आत ज्यांनी घर बदललं होतं, ती मुलं पंचविशीच्या सुमारास इतरांपेक्षा जवळपास एकतीस टक्के जास्त कमावत होती. तेरा ओलांडल्यावर गेलेल्यांना मात्र फायदा नव्हता. झालं असेल तर थोडं नुकसानच. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. त्या कुटुंबांची परिस्थिती आणि आमची परिस्थिती यांची तुलना होणार नाही, हे मला कळतं. पण वस्ती मुलाच्या अंगात वर्षा-वर्षाने मुरते आणि उपटून दुसरीकडे लावण्याचाही एक मार बसतो, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत हे पाण्याच्या नळाजवळ उभं राहिलेल्या कुणालाही पटेल.

मग शाळेत बघायचं तरी काय? याचं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं उत्तर एका इंग्रज मनोविकारतज्ज्ञाचं आहे. मायकल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधल्या बारा माध्यमिक शाळा काही वर्षं आतून पाहिल्या आणि १९७९ साली निष्कर्ष लिहिले. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावरही शाळा-शाळांत फरक उरत होता. तो इमारतीच्या वयाशी किंवा आवाराच्या मापाशी जुळत नव्हता. जुळत होता तो रोजच्या वागण्याशी. शिक्षक वेळेवर तास सुरू करतात का, मुलांचं कौतुक होतं का, भिंतींवर मुलांचं काम लावलेलं असतं का, मुलांना जबाबदारीची कामं मिळतात का, अडचण आली तर मूल शिक्षकाकडे जाऊ शकतं का. हे वाचताना मला आमच्या बाईंनी दिलेलं खडूंचं काम आठवलं आणि एकदम गळा भरून आला. जे मी आठवण म्हणून इतकी वर्षं जपलं, ते कुणीतरी चांगल्या शाळेचं लक्षण म्हणून नोंदवून ठेवलं होतं.

दुसऱ्या गावातली शाळा आम्ही वेगळ्या तऱ्हेने बघितली. आत जायच्या आधी, शाळा सुटायच्या वेळेला फाटकासमोर जाऊन उभे राहिलो. आगाऊ कळवलं नव्हतं. समोर शिवणयंत्र घेऊन एक माणूस बसला होता, त्याच्या छत्रीखाली. घंटा झाली आणि आधी आवाज आला, मुलं मागून आली. लहानांचा वर्ग रांगेत होता, पण ती रांग फाटकापाशी येईतो विस्कटली. एका मुलाच्या दप्तराची चेन उघडी होती, वह्या डोकावत होत्या. वर्गशिक्षिका प्रत्येक मुलाला नावाने हाक मारून त्याच्या माणसाच्या हवाली करत होती. एका आजोबांना तिने थांबवून काहीतरी सांगितलं, ते हसले. मोठ्या वर्गांतली मुलं घोळक्याने बाहेर पडली आणि घरी न जाता फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर टेकली. त्यांचं काहीतरी जोरजोरात भांडण चाललं होतं, खेळावरून असावं. एक मुलगी त्या सगळ्यांपासून बाजूला भिंतीला टेकून वाचत उभी होती, आणि जाणारे-येणारे तिला धक्का न लावता जात होते. त्या मुलीकडे मी बराच वेळ बघत राहिले. तिला कुणी चिडवत नव्हतं, कुणी ओढूनही नेत नव्हतं. शाळेत एकटं राहायला जागा असणं आणि एकटं पडणं यात केवढं अंतर आहे!

आतली शाळा साधी होती. स्वच्छतागृहांत पाणी होतं, पण एका दाराची कडी तुटलेली होती. विज्ञानाचं साहित्य एका कपाटात मावत होतं. मात्र व्हरांड्याच्या भिंतीवर चौथीच्या वर्गाने 'माझ्या घरापासून शाळेपर्यंत' असे नकाशे काढून लावले होते, आणि ते सगळ्या वर्गाचे होते. बक्षीस मिळालेले तेवढेच नव्हते. काहींच्या रेघा वाकड्या होत्या, एकाने रस्त्यापेक्षा कुत्रा मोठा काढला होता. मी ते सगळे नीट वाचले. कुणी पिंपळ दाखवला होता, कुणी दवाखाना, कुणी 'इथे चिखल असतो' असं लिहून बाण काढला होता. त्या भिंतीवरून मला एक गोष्ट कळली, जी कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती: इथली मुलं शाळेत चालत येतात. पायी आल्याशिवाय चिखल कुठे असतो ते नकाशात येत नाही.

याचं मोल मला दिवसेंदिवस जास्त वाटू लागलं आहे. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट मोजली होती. १९७१ साली सात-आठ वर्षांची ऐंशी टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची. १९९० मध्ये असं जाणारी नऊ टक्के उरली. वीस वर्षांत मुलं बदलली नव्हती, रस्ते बदलले होते आणि आईबापांची छाती बदलली होती. त्याच्याही आधी, १९२९ साली, क्लॅरेन्स पेरी यांनी न्यूयॉर्कच्या नियोजनात वस्तीची जी कल्पना मांडली, तिच्या मधोमध प्राथमिक शाळा होती आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जात होते, म्हणजे शाळेत जाताना मुलाला ते ओलांडावे लागू नयेत. वस्ती केवढी असावी हे त्यांनी मुलाच्या चालण्यावरून ठरवलं. आज उपनगरात घरं आधी उभी राहतात, मग त्यांच्यापुढे चौपदरी रस्ता येतो, आणि शाळा त्या रस्त्याच्या पलीकडे असते. पहिल्या गावातले ते रुंद रस्ते मला आवडले होते. लेकीच्या उंचीवरून ते कसे दिसतील, याचा विचार मी नंतर केला. हात धरून ओलांडायला लागणारा रस्ता आठ वर्षांच्या मुलासाठी भिंतच असते.

वेळेचा हिशेबही आम्ही मांडला. पहिल्या गावाहून नवऱ्याच्या कामाच्या जागी जायला दुसऱ्या गावापेक्षा बराच जास्त वेळ लागणार होता. तो म्हणाला, सवय होते. ब्रूनो फ्राय आणि अलोइस श्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची वर्षानुवर्षांची उत्तरं तपासून दाखवलं आहे, की तशी सवय होत नाही. लांबून ये-जा करणारे लोक, मोठं घर किंवा जास्त पगार मिळूनही, एकंदरीत कमी समाधानी राहतात. मला त्यासाठी अभ्यासाची गरज नव्हती. माझी आई अंधार पडल्यावर घरी यायची. चपला काढताना एका हाताने भिंत धरायची. आम्ही दिवसभराचं साठवून ठेवलेलं एकदम सांगायला लागायचो आणि ती "हो, हो" म्हणायची, आणि आम्हाला कळायचं की ती ऐकत नाहीये, ऐकायला तिच्यात काही उरलेलंच नाहीये. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिने ओढलेल्या त्या संध्याकाळींवर मी शिकले. पण शाळेतून आल्यावर घरात कोण असतं, आणि जे असतं ते किती शिल्लक असतं, हा शाळेचाच भाग आहे असं मी धरते. उत्तम शाळा आणि रिकामा बाप, किंवा बरी शाळा आणि सातच्या आत घरी आलेला बाप, यात मी दुसरं निवडेन.

नवऱ्याला हे सगळं पटत नाही, आणि त्याचं म्हणणं हलकं नाही. तो एका छोट्या गावातल्या शाळेतून आला आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षात गणितात बुडाला. वर्गात बाकीच्यांना जे आधीच येत होतं, त्याचं नावही त्याने ऐकलं नव्हतं. ती दोन वर्षं तो अजून बोलताना टाळतो. "प्रेमळ शाळा मलाही होती," तो म्हणाला, "पण पुढे गेल्यावर प्रेम कामाला येत नाही, पाया लागतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नकाशांच्या त्या भिंतीसमोर मी जितकी विरघळले होते, तितकंच त्याला विज्ञानाच्या त्या एका कपाटाने काळजीत टाकलं होतं. दोघंही एकाच मुलीकडे बघत होतो, मी तिच्या मधल्या सुट्टीकडे आणि तो तिच्या अठराव्या वर्षाकडे.

लेकीला आम्ही विचारलं. तिने दोन्ही शाळा बघितल्या होत्या. तिचं म्हणणं असं, की पहिल्या शाळेतला झोका जास्त चांगला होता, पण त्यावर कुणी बसलं नव्हतं, म्हणून तिला वाटलं की तो मोडलेला असेल.

आम्ही दुसरं गाव घ्यायचं ठरवलं आहे. ठरलं ते शंका फिटल्या म्हणून नव्हे. घर लहान आहे, गॅलरीत ऊन येत नाही, आणि आईचं घर तिथून लांब पडतं. त्या एका गोष्टीचं मला रोज वाईट वाटतं. पण लेक आता दुसरीत आहे. चौथीपर्यंत ती चालत शाळेत जाईल, त्या गावाचे कोपरे तिच्या पायांना कळतील, आणि तिच्या बापाला ती जागी असताना भेटेल. पाचवीच्या आधी आम्ही वरच्या वर्गांचं शिकवणं पुन्हा तपासायचं आणि गरज वाटली तर तिथल्या तिथे शाळा बदलायची, गाव नाही, असं आमच्यात ठरलं. प्रवेशाच्या अर्जात 'ही शाळा का निवडली' असा रकाना होता. मी त्यात 'चालत जाता येतं' असं लिहिलं. नवऱ्याने अर्ज वाचला, सही केली, आणि कार्यालयात देताना वरच्या वर्गांना गणित शिकवणाऱ्या सरांची भेट मागून घेतली. येत्या शनिवारी जायचंय. त्याने प्रश्न लिहून काढलेत, मोठी यादी आहे. मी त्यात माझा एक घातला: ज्या मुलाला अपूर्णांक येत नसताना वर्ग पुढे गेला, त्याच्यासाठी तुम्ही काय करता?